बोरीचे भास्कराचार्य आणि रेझिस्टरचे पट्टे

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. गणिताच्या इतिहासात ह्या गावाचं नाव एकाच कारणाने येतं: सातव्या शतकातले गणिती भास्कराचार्य (पहिले) मूळचे बोरीचे, असं मानलं जातं. आणि आजचा शनिवारचा विषय आहे रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे. ह्या दोघांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जरा धीर धरा.

आधी एक नेहमीचा गोंधळ निस्तरू. 'लीलावती'वाले भास्कराचार्य ते हे नव्हेत. लीलावतीकारांचा जन्म १११४ सालचा आणि त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. आपले भास्कराचार्य त्यांच्याही आधी जवळजवळ पाचशे वर्षं होऊन गेले. ते आर्यभटांच्या परंपरेतले. 'महाभास्करीय' आणि 'लघुभास्करीय' हे त्यांचे दोन ग्रंथ, आणि इ.स. ६२९ मध्ये लिहिलेलं आर्यभटीयावरचं भाष्य हे तिसरं मोठं काम. भाष्यातल्या उदाहरणांत वलभी, भरुकच्छ (आजचं भरूच) अशी तिकडची गावं येतात, म्हणून अभ्यासक त्यांचं नाव सौराष्ट्राशी जोडतात. दुसरीकडे आर्यभटांच्या ग्रंथाला ते अश्मकांचं तंत्र म्हणतात, आणि अश्मक म्हणजे आपला गोदावरीकाठचा मुलूख. बोरीचा मान ह्या गोदाकाठच्या धाग्यातला आहे. इस्रोच्या, ७ जून १९७९ रोजी अवकाशात गेलेल्या उपग्रहाचं नाव 'भास्कर' होतं, ते ह्या दोन्ही भास्कराचार्यांवरून.

असो. आता मुद्द्याकडे येऊ.

भाष्य लिहिताना भास्कराचार्यांना एक मोठी संख्या सांगायची होती: कल्पाच्या आरंभापासून किती वर्षं उलटली. (ह्याच संख्येवरून ६२९ हे साल निघतं.) ही संख्या ते शब्दांत सांगतात, पण 'एकशे अठ्ठ्याण्णव कोटी' वगैरे म्हणत नाहीत. ते वस्तूंची नावं ओळीने ठेवतात. पहिली वस्तू 'ख', म्हणजे आकाश, रिकामं, म्हणून ०. मग अग्नी, कारण यज्ञाचे अग्नी ३. मग अद्री म्हणजे पर्वत, ७. मग राम: परशुराम, दाशरथी राम आणि बलराम मिळून ३. मग अर्क म्हणजे सूर्य, आदित्य १२. मग रस ६, वसू ८, रंध्रं (शरीराची द्वारं) ९, आणि शेवटी इंदू म्हणजे चंद्र, तो एकच, १. एकं स्थानापासून सुरू करून हे अंक उजवीकडून डावीकडे मांडत गेलं की होतात १९८६१२३७३०. म्हणजे १९८ कोटी ६१ लाख २३ हजार ७३०. आणि एवढं करून भास्कराचार्य थांबत नाहीत. लगेच पुढे तीच संख्या अंकांतही देतात.

ह्या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात. आमच्या धंद्यात हिला सरळ एन्कोडिंग म्हटलं असतं. शून्य ते नऊ ह्या अंकांना ठरलेली चिन्हं दिली, त्या चिन्हांचा क्रम म्हणजेच स्थान, आणि रिकाम्या स्थानासाठीही एक चिन्ह ठेवलं. बास.

आता प्रश्न असा, की अंक लिहिता येत असताना हा उद्योग कशाला? उत्तर व्यवहारातलं आहे. ग्रंथ हाताने नकलले जायचे. नकलणाऱ्याच्या हातून एक अंक सुटला किंवा ३ चा २ झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथे 'अग्नी' हा शब्द असेल तर तो चुकून 'नेत्र' होणं अवघड. आणि ग्रंथ पद्यात असेल तर आणखी एक सोय: शब्द गळला की वृत्त मोडतं आणि म्हणणाऱ्याची जीभ अडखळते. म्हणजे छंद हा चक्क चेकसम झाला. :-) अंक आणि शब्द दोन्ही दिले की एकाची चूक दुसरा पकडतो. आज आपल्याकडे त्या भाष्याच्या पोथ्या आहेत त्या नंतरच्या काळातल्या नकलाच, पण संख्या शाबूत आहे ह्याची खात्री आपल्याला ह्या दुहेरी लिखाणामुळे देता येते.

थोडक्यात: जिथे अंक टिकत नाहीत तिथे अंकांऐवजी टिकणारी चिन्हं ठेवा. हे वाक्य ध्यानात ठेवून आता तेराशे वर्षं पुढे, अमेरिकेत चला.

१९२० च्या दशकात अमेरिकेत रेडिओचं वेड पसरलं. घरोघर रेडिओ, गल्लोगल्ली कारखाने. १९२४ मध्ये शिकागोत ह्या कारखानदारांनी रेडिओ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन नावाची संघटना काढली. प्रत्येक रेडिओत कार्बनच्या कांडीचे रेझिस्टर असायचे, पेन्सिलच्या तुकड्याएवढे, पुढे आणखी बारीक. त्यावर किंमत कशी लिहायची? छापलेले आकडे व्हॉल्व्हच्या उष्णतेने आणि हाताळण्याने पुसट व्हायचे. त्यात गोल कांडी. डाग देताना आकड्यांची बाजू खाली गेली की दुरुस्ती करणाऱ्याने काय वाचायचं? मग रंग आले. सुरुवातीच्या पद्धतीत पूर्ण अंगाचा रंग हा पहिला अंक, एका टोकाचा रंग दुसरा अंक, आणि अंगावरचा ठिपका म्हणजे पुढे किती शून्यं. पण ठिपकाही खाली जाऊ शकतोच की! शेवटी सगळं पट्ट्यांवर स्थिरावलं. पट्टा कांडीला पूर्ण वळसा घालतो. रेझिस्टर कसाही बसवा, पट्टा दिसतोच.

पोथीतला अडचणीचा अंक आणि कांडीवरचा अडचणीचा अंक, दोन्हीकडे उपाय एकच निघाला. एकाने दुसऱ्याकडून घेतला असं अजिबात नाही. अडचण सारखी होती, एवढंच.

आता रंग. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. हे पाठ करायला इंग्रजीत जी जुनी वाक्यं आहेत त्यातली बरीचशी चारचौघांत म्हणण्यासारखी नाहीत. आणि मराठी माणसाला त्यांची गरजही नाही. शाळेत इंद्रधनुष्यासाठी 'तानापिहिनिपाजा' घोकलंय ना? त्यातला 'पा' (पारवा) काढून टाका. उरलं ता-ना-पि-हि-नि-जा. हेच २ ते ७. आता इंद्रधनुष्याच्या अलीकडे दोन गडद रंग, काळा आणि तपकिरी. पलीकडे दोन फिके, राखाडी आणि पांढरा. झालं. अंधारातून इंद्रधनुष्यातून उजेडाकडे, असा हा क्रम आहे. म्हणजे ही यादी कुणी मनाला येईल तशी केलेली नाही. (आणि हो, पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळण्याचं जुनं ठिकाण म्हणजे तपकीर गल्ली. योगायोग, दुसरं काय!)

चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे अंक, तिसरा पट्टा पुढे लावायच्या शून्यांची संख्या, आणि चौथा पट्टा वेगळाच, त्याच्याकडे नंतर येतो. पिवळा-जांभळा-लाल: ४, ७, आणि दोन शून्यं, ४७०० ओहम, म्हणजे ४.७ के. नारिंगी-नारिंगी-तपकिरी: ३३ वर एक शून्य, ३३० ओहम. तपकिरी-काळा-काळा: १० वर शून्य शून्यं, म्हणजे १० ओहमच. इथे नवखे हमखास १०० वाचतात. तिसरा पट्टा अंक नव्हे, शून्यांची मोजणी, हे पक्कं केलं की हा घोटाळा होत नाही.

शून्यावरून आठवलं. कधीकधी सर्किटमध्ये एकच काळा पट्टा असलेला रेझिस्टर दिसतो. त्याची किंमत शून्य ओहम! म्हणजे ती नुसती तार आहे, पण रेझिस्टरच्या आकारात, कारण बसवणाऱ्या यंत्राला रेझिस्टरच उचलता येतात. जागा धरून ठेवणारं शून्य. भास्कराचार्यांच्या 'ख'चं ह्याहून सुटसुटीत उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता दिशा. भूतसंख्या एकं स्थानापासून सुरू होते, म्हणजे प्रोग्रामरच्या भाषेत लिटल एंडियन. आपण मराठीत 'सत्तावीस' म्हणताना आधी सात आणि मग वीस म्हणतो, तसंच. रेझिस्टर मात्र बिग एंडियन: मोठ्या स्थानाचा अंक आधी. पण कांडीला डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं? पोथीत दिशेचा नियम ठरलेला होता, कांडी तर दोन्हीकडून सारखी. इथे चौथा पट्टा मदतीला येतो. तो सोनेरी किंवा रुपेरी असेल तर तो शेवटचा, कारण सोनेरी-रुपेरी हे अंकच नव्हेत, त्यांनी संख्या सुरू होऊ शकत नाही.

खरी गंमत पाच पट्ट्यांच्या अचूक रेझिस्टरमध्ये आहे. तिथे तीन अंक, मग शून्यं, मग चूकमर्यादा, आणि १ टक्क्याचा पट्टा असतो तपकिरी, जो अंकही आहे. हा घ्या नमुना: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. सरळ वाचलं तर १०० वर दोन शून्यं, १० के. तोच उलटा धरून वाचा: तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी. १२० वर काहीच शून्यं नाहीत, १२० ओहम! दोन्ही किमती बाजारात सर्रास मिळतात, दोन्ही 'बरोबर' दिसतात, आणि फरक ८० पटींहून जास्त. १० के च्या जागी १२० बसला तर प्रवाहही त्याच हिशेबाने वाढणार आणि समोरचा नाजूक भाग जळणार. शेवटचा पट्टा बाकीच्यांपासून किंचित लांब ठेवतात तो ह्याचसाठी, पण स्वस्त मालात ते अंतर दिसतंच असं नाही. शिवाय पिवळ्या बल्बच्या उजेडात तपकिरी, लाल आणि नारिंगी एकमेकांत मिसळतात. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांच्यासाठी तर ही सगळी पद्धतच बंद दार आहे. म्हणून सर्किटमध्ये लावण्याआधी मल्टिमीटरने मोजणं हा कमीपणा नव्हे. भास्कराचार्यांनी शब्दांपुढे अंक दिले होते, आपण पट्ट्यांपुढे मीटर धरायचा.

आणखी एक पडताळा आहे, त्याला मीटरही लागत नाही. पण त्यासाठी आधी जुना प्रश्न सोडवावा लागेल: दुकानात ५ के मागितला तर दुकानदार ४.७ के का देतो?

१८७० च्या दशकात फ्रेंच लष्करातले अभियंता शार्ल रनार फुग्यांसाठी दोर वापरायचे. दोरांचे ४२५ वेगवेगळे आकार वापरात होते. त्यांनी ते १७ वर आणले. युक्ती अशी, की आकार समान फरकाने न ठेवता समान पटीने ठेवायचे. रेझिस्टरमध्ये हाच विचार आला. अमेरिकेतल्या त्याच रेडिओ संघटनेने १९३६ मध्ये कार्बन रेझिस्टरसाठी अशा पसंतीच्या किमती ठरवल्या, आणि १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने त्यांना जागतिक मानकाचं रूप दिलं. १० ते १०० ह्या टप्प्यात १२ पायऱ्या: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. प्रत्येक पायरी आधीच्या साधारण १.२१ पट. पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पट्ट्या समान पटीने चढतात, तसंच हे. फक्त तिथे दुप्पट होते, इथे दहापट.

आणि बाराच का? कारण कारखान्यातून येणारा रेझिस्टर १० टक्के इकडेतिकडे असायचा. ३९ चा म्हणजे ३५.१ ते ४२.९ मधला कुठलाही. ४७ चा म्हणजे ४२.३ ते ५१.७. ५६ चा म्हणजे ५०.४ ते ६१.६. पुढचा सुरू होईपर्यंत आधीचा संपत नाही, मधे फट राहत नाही. आता ५० असा वेगळा शिक्का मारून काय साधणार? ४७ च्या डब्यातला एखादा रेझिस्टर आधीच ५० चा आहे! म्हणून पट्टे वाचून ५० किंवा ६० अशी संख्या आली तर आधी शंका आपल्या वाचण्यावर घ्यायची. ५ टक्क्यांसाठी ह्याच १२ च्या २४ पायऱ्या होतात, त्यातही ५० नाही. हाच तो फुकटचा पडताळा.

चौथ्या पट्ट्याचं काम आता कळलं असेल. सोनेरी ५ टक्के, रुपेरी १० टक्के, पट्टाच नसेल तर २० टक्के, लाल २, तपकिरी १. हा पट्टा सांगतो की 'माझी किंमत एवढी आहे, आणि माझ्यावर इतपतच विश्वास ठेवा.' मला ह्या सगळ्या कोडमध्ये हा पट्टा सर्वांत मोलाचा वाटतो. संख्या सांगणारे पुष्कळ असतात, आपली चूक किती असेल ते सोबत सांगणारे कमी.

आणि इथे पुन्हा आपले भास्कराचार्य. आर्यभटांनी परिघ आणि व्यासाचं गुणोत्तर ६२८३२ भागिले २००००, म्हणजे ३.१४१६ दिलं, आणि त्याला 'आसन्न' म्हटलं. जवळचं, तंतोतंत नव्हे. त्याच परंपरेत भास्कराचार्यांनी महाभास्करीयात कोनाची ज्या कोष्टकाशिवाय काढायचं सूत्र दिलं. आजच्या भाषेत: कोन अंशांत घ्या, त्याला १८० वजा तो कोन ह्याने गुणा. ह्या गुणाकाराची चौपट वर ठेवा, आणि खाली ४०५०० मधून तो गुणाकार वजा करून ठेवा. ३० अंशाला गुणाकार ४५००, वर १८०००, खाली ३६०००, उत्तर बरोब्बर अर्धा. ४५ अंशाला उत्तर ०.७०५९ येतं, खरं ०.७०७१. सर्वांत वाईट अवस्था शून्याजवळच्या अगदी लहान कोनांना, तिथे चूक १.९ टक्क्याच्या आत. म्हणजे रेझिस्टरच्या भाषेत ह्या सूत्रावर लाल पट्टा मारायला हरकत नाही! कोष्टक जवळ नसताना बेरीज-गुणाकार-भागाकारावर एवढं मिळत असेल तर ते कामाचं आहे, फक्त ते आसन्न आहे हे विसरायचं नाही.

हाच हिशेब घरच्या सर्किटला लावून बघू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी लावायचाय. मराठवाड्यात भारनियमन ज्यांनी काढलंय त्यांना ह्या दिव्याची किंमत सांगायला नको. :-) एलईडीला ३.२ व्होल्ट आणि जास्तीत जास्त २० मिलिॲम्पिअर. आता बॅटरी '१२ व्होल्टची' हेही आसन्नच. चार्जिंग चालू असताना ती १४.४ पर्यंत जाते. निवड नेहमी वाईटात वाईट अवस्थेला करायची. १४.४ वजा ३.२ म्हणजे ११.२ व्होल्ट रेझिस्टरवर पडणार. भागिले ०.०२ ॲम्पिअर, ५६० ओहम. नशिबाने हे आपल्या बारातलंच: हिरवा, निळा, तपकिरी. बॅटरी १२ वर आली की प्रवाह १५.७ मिलिॲम्पिअर, उजेड थोडा कमी, पण दिवा सुरक्षित. संख्या नेमकी मिळाली नसती तर वरची पायरी घ्यायची, खालची नाही.

आणि वॅट? ११.२ गुणिले ०.०२, म्हणजे ०.२२४ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर कागदावर पुरतो, पण तो सतत कडकडीत तापलेला राहील. अर्ध्या वॅटचा घ्या. वॅट कुठल्याच पट्ट्यावर लिहिलेला नसतो, तो आकारावरून ओळखायचा. कोड सगळंच सांगत नाही.

आज ही रंगांची भाषा हळूहळू मागे पडते आहे. मोबाइलमधले रेझिस्टर तिळाहून लहान. त्यांच्या थोड्या मोठ्या भावंडांवर पुन्हा आकडेच छापतात: १०३ म्हणजे १० वर तीन शून्यं, ४७२ म्हणजे ४.७ के. रंग गेले, पण अंक, अंक, शून्यांची मोजणी ही रचना तीच राहिली. अगदी बारक्यांवर काहीच लिहीत नाहीत, किंमत फक्त रिळावरच्या लेबलवर. रिळातून निसटलेला तुकडा म्हणजे नाव हरवलेली संख्या.

तेव्हा माळ्यावर एखादा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पडला असेल तर भंगारात देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा. प्लग काढलेला हवा, आणि आतल्या कपॅसिटरना हात लावायचा नाही, त्यांत भार साठून राहिलेला असतो. आत एखादा अंग-टोक-ठिपक्याचा रेझिस्टर दिसला तर तानापिहिनिपाजा म्हणत वाचून पाहा. नीट वाचलात तर आलेली संख्या आजही खरी निघेल... दहा-वीस टक्के इकडेतिकडे.